इनामगावचा पाटील कुणी नेमला?

मागच्या भागात बोलण्याच्या ओघात मी ‘इनामगावचा पाटील’ असं म्हणून गेलो. भाग प्रसिद्ध करण्याआधी पुन्हा ऐकला, तेव्हाही ते कानाला खटकलं नाही. खटकलं दोन आठवड्यांनी, इथल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेत. इंग्लंडमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये भरणारी ही शाळा. मोठ्या मुलांच्या वर्गाला मी अधूनमधून इतिहास शिकवतो. एका मुलीने सरळ विचारलं, “काका, तेव्हा लिहायची पद्धतच नव्हती ना? मग तो पाटील होता हे कुणाला कळलं?” मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. घरी येऊन ढवळीकर पुन्हा वाचायला काढले. वाचताना जे वाटलं ते इथे मांडतो आहे. आणि हो, त्या भागातली माझी चूक दुरुस्त करणं हाही हेतू आहेच.

ज्यांनी तो भाग ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इनामगाव पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली मुख्य नावं. लोखंड यायच्या आधीची, तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांची ही वस्ती. साधारण इ.स.पू. १६०० च्या सुमारास सुरू झाली, इ.स.पू. ७०० च्या सुमारास उठली. मधल्या नऊशे वर्षांचे तीन टप्पे पाडले जातात: माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे. ‘जोर्वे’ हे नाव संगमनेरजवळच्या गावावरून आलं. तिथे १९५०–५१ मध्ये पहिल्यांदा ती तांबड्या रंगावर काळी नक्षी असलेली भांडी ओळखली गेली.

इनामगावचं वेगळेपण खणण्याच्या पद्धतीत आहे. त्याआधीच्या पिढीला मुख्यतः कालक्रम हवा होता: कुठल्या थरानंतर कुठला थर, कुठलं भांडं कुठून आलं. नर्मदेकाठच्या नावडातोलीला सापडलेल्या चोचीच्या वाट्यांची नाती खुद्द सांकळियांनी इराणपर्यंत नेऊन जोडली होती. त्यासाठी उभा खोल खड्डा पुरतो. इनामगावला मात्र आडवं खणलं. घरामागून घर उघडं केलं, शंभराहून जास्त घरं. चुली, धान्याच्या कणग्यांचे ओटे, घरांमधल्या बोळी, सगळं नकाशावर आलं. माणसं कशी राहत होती, हा प्रश्न दख्खनच्या पुरातत्त्वात इतक्या हट्टाने कुणी आधी विचारला नव्हता. पुढे जे टीकेचं लिहिणार आहे ते हे मान्य करूनच.

या उत्खननाचा इंग्रजी अहवाल १९८८ मध्ये आला. त्याच वर्षी ढवळीकरांचं ‘फर्स्ट फार्मर्स ऑफ द डेक्कन’ आलं, आणि खूप नंतर मराठी वाचकासाठी ‘महाराष्ट्राची कुळकथा’. हे शेवटचं पुस्तक माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत आहे. पुण्याहून येताना बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी आलेलं. ढवळीकरांनी ते मराठीत लिहिलं हे मोठंच काम. आपल्याकडचे उत्खननाचे अहवाल इंग्रजीत असतात, जाडजूड असतात, आणि ज्यांच्या शेतात खड्डे खणले त्यांना ते कधी दिसत नाहीत. ढवळीकरांची शैली सरळ, कुठे पांडित्याचा बडेजाव नाही. माझी अडचण त्या नावाशी आहे, आणि ते नाव आपल्याला कसं वाचायला लावतं त्याच्याशी.

कुळकथा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. घराण्याचा मूळ पुरुष कोण, मूळ गाव कोणतं, कुलदैवत कोणतं, पूर्वज कुठे विसावले. एकदा ही चौकट हातात आली की इनामगाव तिच्यात अगदी फिट बसतं. गाव आहे. गावाचा प्रमुख आहे. देवी आहे. पूर्वज तर घराच्या जमिनीखालीच पुरलेले आहेत. मग वाचणारा आपोआप म्हणतो, हे आपलेच. मीही तेच केलं. इंग्रजी ‘चीफ’चा आधी ‘प्रमुख’ झाला, आणि माझ्या तोंडात येईपर्यंत त्याचा ‘पाटील’ झाला.

आता पुरावा काय आहे ते बघू. वस्तीच्या मधल्या भागात पाच खोल्यांचं एक घर सापडलं. बाकीच्या घरांच्या मानाने ते मोठं, आणि शेजारी धान्याचं कोठार. याच घराच्या अंगणात एक अगदी निराळं दफन मिळालं. इनामगावला मोठ्या माणसांना पुरण्याची रीत ठरलेली होती: घरातच खड्डा, माणूस उताणा, डोकं उत्तरेला, आणि पाय घोट्याच्या खाली तोडलेले. हे पाय तोडणं वाचताना पहिल्यांदा अंगावर काटा येतो. मेलेल्याने उठून जाऊ नये म्हणून ते करत असावेत, असा अंदाज बांधला गेला आहे. अंगणातला माणूस मात्र कच्च्या मातीच्या, चार पाय असलेल्या मोठ्या रांजणात बसवलेला होता. वय चाळिशीच्या आसपास, पुरुष, पाय शाबूत.

यावरून ढवळीकरांनी प्रमुखाचं चित्र उभं केलं. धान्य गोळा करणारा, त्याचं पुन्हा वाटप करणारा, नदीचं पाणी वळवणाऱ्या पाटासारख्या सामूहिक कामांवर देखरेख ठेवणारा. जगभरच्या मानववंशशास्त्रात तेव्हा ‘चीफडम’ची चर्चा जोरात होती, आणि इनामगाव तिच्यात चपखल बसत होतं. वाचताना सगळं पटतं. पुस्तक मिटल्यावर मात्र कागदावर दोन वाक्यं लिहून बघा. घर प्रमुखाचं का? कारण अंगणात खास दफन आहे. दफन प्रमुखाचं का? कारण ते त्या मोठ्या घराच्या अंगणात आहे. दोन्ही वाक्यं एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत.

कोठार शेजारी आहे हे खरं. पण शेजारी असणं आणि मालकी असणं यांत फरक आहे. आपल्याकडे देवळाच्या धान्याशेजारी पुजारी राहतो, म्हणून धान्य त्याचं होत नाही. रांजणातला माणूस गावाचा म्होरक्या असेल, भगत असेल, बाहेरून आलेला, वेगळ्या रीतीभातीचा कुणी असेल, एखाद्या विचित्र प्रसंगात मेलेला असेल, ज्याच्यासाठी नेहमीची रीत चालली नसती. यातलं कुठलंही एक ठामपणे म्हणता येत नाही. वेगळं दफन म्हणजे वेगळं दफन, एवढंच ते सांगतं. त्याला मोठेपणा चिकटवायचं काम आपण करतो.

ढवळीकरांचं मुख्य हत्यार होतं तुलना. आसपासच्या आजच्या खेड्यांत लोक मातीच्या भिंती कशा घालतात, धान्य कशात साठवतात, हे बघून त्यांनी तीन हजार वर्षांपूर्वीचे अवशेष ओळखले. जमिनीवरचा एक गोल लिंपलेला ओटा म्हणजे कणगीची बैठक, हे ज्याने कणगी पाहिलीय त्यालाच कळतं. इथे ही पद्धत सोन्यासारखी चालते, कारण माती, पाऊस, उंदीर आणि धान्य तेव्हाही तेच, आताही तेच. पण तीच पद्धत ओट्यावरून उचलून सत्तेवर लावली की घोटाळा होतो. दख्खनचं आजचं खेडं उंदीर आणि पावसाने घडवलेलं नाही. ते वतनांनी, सनदांनी, सुलतानांच्या आणि पेशव्यांच्या वसुलीने, आणि शेवटी इंग्रजांच्या रयतवारीने घडवलेलं आहे. ‘पाटील’ शब्दाचा माग मध्ययुगीन ताम्रपटांतल्या ‘पट्टकिल’पर्यंत लावतात. इनामगाव ओस पडल्यानंतर दीड-दोन हजार वर्षांनी येणारी ही गोष्ट. गंमत अशी की ‘इनामगाव’ या नावातला ‘इनाम’ हाही जमीन-महसुलाच्याच भाषेतला, अरबीतून आलेला शब्द. म्हणजे उत्खननाचं नाव उच्चारलं की पाटलाचं निम्मं काम झालंच.

कारागिरांच्या बाबतीत मी इतका खात्रीने बोलणार नाही. कुंभार, सोनार, मणी घडवणारे, हस्तिदंताचं काम करणारे यांची घरं वस्तीच्या पश्चिम कडेला आहेत आणि बऱ्या परिस्थितीतली शेतकऱ्यांची घरं मध्यभागी, असं ढवळीकरांचं निरीक्षण. यातून लगेच बलुतेदारी दिसायला लागते. कुंभाराची भट्टी कडेला ठेवायला जातीची गरज नाही, धूर आणि आग पुरे. पण सोनाराला कडेला जायचं काय कारण? मणी घडवणाऱ्याला? इथे ढवळीकरांच्या म्हणण्यात वजन आहे असं मला वाटतं, आणि कामावरून माणसाची जागा ठरण्याची काहीतरी सुरुवात तिथे असावी. फक्त तिला ‘बलुतं’ म्हटलं की पुढचा शोध थांबतो. धंदा बापाकडून पोराकडे जात होता का? लग्नं कुणाकुणात होत होती? खरे प्रश्न हे आहेत, आणि घराच्या जागेवरून त्यांची उत्तरं मिळत नाहीत.

आता देवीकडे. पूर्व जोर्वे काळातल्या एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी पुरलेली होती. आत एक स्त्रीमूर्ती. झाकणावर आणखी एक स्त्रीमूर्ती, तिला डोकं नाही, आणि सोबत एक बैल. सगळं कच्च्या मातीचं. स्त्रीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक, म्हणजे काडी घालून तिला बैलावर बसवता येईल अशी सोय. भारतीय पुरातत्त्वातल्या सगळ्यात विलक्षण वस्तूंपैकी ही एक, असं मी न संकोचता म्हणेन. मोहेंजोदडोच्या ‘पशुपती’ मुद्रेवर जेवढी शाई सांडली त्याच्या शंभराव्या हिश्शानेही हिच्यावर सांडली नाही.

डोकं नसलेली स्त्री म्हटल्यावर मराठी वाचकाला काय आठवणार हे उघड आहे. रा. चिं. ढेऱ्यांची ‘लज्जागौरी’ ज्यांनी वाचलीय त्यांना तर जास्तच. रेणुका, यल्लमा, तेरची मस्तकहीन मूर्ती, सगळी रांग डोळ्यांसमोर येते. इनामगावच्या मूर्तीकडेही बाळंतपणाशी, मुलांच्या रक्षणाशी जोडलेली देवता म्हणून पाहिलं गेलं. असेलही. पण तेरची लज्जागौरी आणि ही मूर्ती यांच्यात हजाराहून अधिक वर्षांचं अंतर आहे, आणि त्या मधल्या काळातली अशी एकही कडी आपल्या हातात नाही जिला धरून आपण इकडून तिकडे जाऊ शकू. शिवाय ती पुरलेली आहे. पूजेची मूर्ती आपण देव्हाऱ्यात ठेवतो. ही पेटीत घालून जमिनीखाली गेली. हे विसर्जन होतं, नवस होता, की घर बांधतानाचा विधी? तिला ‘देवी’ म्हणतानाच आपण तिच्या वागण्याचे नियम ठरवून टाकतो, आणि ती ते पाळत नाही.

इथवर माझी तक्रार शब्दांबद्दल होती. पुढची मात्र शब्दांपलीकडची आहे, कारण ती मेलेल्या मुलांबद्दल आहे.

इनामगावला दोनशेहून जास्त दफनं मिळाली, आणि त्यांत मुलांचं प्रमाण फार मोठं. लहान बाळांना दोन घड्यांत ठेवत. घडे तोंडाला तोंड लावून आडवे, घरातल्या जमिनीखाली खड्ड्यात. ज्या जमिनीवर आई दुसऱ्या दिवशी चूल पेटवणार तिच्याच खाली. उत्खनन करणाऱ्यांनी हे घडे फार जपून काढले, आतली माती आणि बारीक हाडं सांभाळली. १९८६ मध्ये जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी या सांगाड्यांचा स्वतंत्र खंड प्रसिद्ध केला.

गाव का उठलं, या प्रश्नाला ढवळीकरांचं उत्तर हवामानाचं होतं. इ.स.पू. १००० च्या सुमारास पाऊस कमी झाला, उत्तर महाराष्ट्रातली बहुतेक जोर्वे गावं ओस पडली. इनामगाव तग धरून राहिलं, पण गरीब झालं. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या. गहू घटला, शिकारीची हाडं वाढली, लोक शेतीकडून गुराढोरांकडे आणि भटकंतीकडे वळले, आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास सगळंच संपलं. दुष्काळ काय असतो हे ज्यांना घरच्या गोष्टींतून माहीत आहे, त्या मराठी वाचकाला ही कथा फार लवकर पटते. १९७२ तर ढवळीकर इनामगावला खणत होते त्याच वर्षांतलं. माझी शंका आहे की तो दुष्काळ त्या पानांमध्ये कुठेतरी मुरलेला आहे. ही माझी शंका, पुरावा नव्हे.

२०११ मध्ये ग्वेन रॉबिन्स शुग यांचं पुस्तक आलं. त्यांनी त्याच मुलांच्या हाडांकडे पुन्हा पाहिलं आणि पावसाच्या नव्या नोंदी तपासल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हा प्रदेश जोर्वे काळातही निमकोरडाच होता, इ.स.पू. १००० ला अचानक आभाळ फाटलं किंवा आटलं असं दिसत नाही. बदललं ते जगणं. जमिनीवरचा ताण वाढला, शेती मागे पडली, मिळेल ते गोळा करून खाणं वाढलं. आणि त्याच काळात जन्मदर वाढलेला दिसतो. जास्त मुलं जन्मत होती, आणि जी मरत होती ती त्यांच्या वयाच्या मानाने खुरटलेली होती.

हे वाचल्यावर पाच खोल्यांच्या घराकडे बघायची माझी नजर बदलली. ‘गरीब झालं’ हे ढवळीकरांचं वाक्य झोपड्यांच्या आकारावरून आलेलं. रॉबिन्स शुग यांचं मांडीच्या हाडाच्या लांबीवरून. दोघांचा निष्कर्ष एकाच दिशेचा, पण एकात दोष आभाळाचा, दुसऱ्यात माणसांनी केलेल्या निवडींचाही. कुळकथेला आभाळाचा दोष सोयीचा असतो. पूर्वज दुष्काळाने गेले, असं म्हणता येतं.

मात्र रॉबिन्स शुग यांचंही सगळंच्या सगळं मी डोळे मिटून घेत नाही. पुरलेल्या मुलांची हाडं म्हणजे जी जगली नाहीत त्यांची हाडं. जगलेली मुलं धडधाकट असतील, आणि आपल्यासमोर फक्त आजारी मुलांची रांग येत असेल. १९९२ पासून, जेम्स वुड आणि सहकाऱ्यांच्या निबंधानंतर, हा पेच हाडांवर काम करणाऱ्या प्रत्येकापुढे आहे, आणि त्या स्वतः तो जाणून आहेत. तरीही दोन टप्प्यांची तुलना करताना तो पूर्ण सुटत नाही. शिवाय एकाच गावावरून सगळ्या जोर्वे दख्खनबद्दल किती बोलायचं? दायमाबाद, नेवासे यांची सामग्री आहे, पण इतकी भरगच्च आणि इतक्या उशिरापर्यंतची नाही. आणि हेही म्हणायला हवं की ढवळीकरांना खोडून काढायला जो पुरावा लागला तो ढवळीकरांनीच गोळा करून ठेवला होता. घडे फोडून फेकून दिले असते तर ही चर्चाच झाली नसती.

आता आपल्या, म्हणजे बाहेर राहणाऱ्यांच्या, दुखऱ्या जागेवर येतो. इ.स.पू. ७०० नंतर इनामगाव ओस आहे. पश्चिम महाराष्ट्रात पुन्हा भरभरून वस्ती दिसते ती मौर्य-सातवाहनांच्या आसपास, काही शतकांनी. मधल्या काळात ती माणसं कुठे गेली? काही गुरं घेऊन फिरत राहिली असतील, काही दक्षिणेकडे गेली असतील, काही मेली. ती कुठली भाषा बोलत होती हे सांगणारं एक अक्षर नाही. मराठी तर तेव्हा कुणीच बोलत नव्हतं. मग ‘महाराष्ट्राची कुळकथा’ म्हणताना आपण नेमकं कुणाचं कुळ सांगतो?

तुमच्यापैकी अनेकांनी लाळ पाठवून डीएनएच्या टक्केवाऱ्या मागवल्या आहेत, मला माहीत आहे. मीही मागवली होती. त्या टक्केवाऱ्या तुमची तुलना आज जिवंत असलेल्या माणसांच्या नमुन्यांशी करतात. त्यात घोड नदी येत नाही. परदेशात वाढणाऱ्या मुलांना ‘तीन हजार वर्षांपूर्वीचं आपलं गाव’ दाखवायची ओढ मी समजू शकतो. ती माझ्यातही आहे, म्हणून तर तो ‘पाटील’ तोंडातून निसटला. पण ज्यांच्या बाळांची हाडं आपण मोजतो, त्यांना आपल्या घराण्यात ओढून घेण्याआधी त्यांचं परकेपण थोडं सोसायला हवं. ती माणसं मेलेल्यांचे पाय तोडत, आणि त्यांच्याच वर झोपत. त्यांची देवी, जर ती देवी असेल तर, पेटीत बंद होती. त्यांच्या मोठ्या घरात कोण राहत होतं ते ठाऊक नाही.

‘कुळकथा’ तुमच्याकडे असेल तर जरूर वाचा, पुन्हा वाचा. इतक्या स्वच्छ मराठीत या विषयावर लिहिणारं दुसरं कुणी चटकन आठवत नाही. ढवळीकर २०१८ मध्ये गेले आणि ती जागा अजून रिकामी आहे. वाचताना हातात पेन्सिल ठेवा, आणि जिथे ‘प्रमुख’ किंवा ‘देवी’ असे शब्द भेटतील तिथे समासात खूण करा: हे सापडलं, की हे ठरवलं?

येत्या रविवारी वर्गात मी त्या पाच खोल्यांच्या घराचा नकाशा नेणार आहे. त्यावर कुणाचंही नाव न लिहिता.